हातात किती पडणार?

सोलापूरच्या जत्रेचा गड्डा उठला, होम मैदान रिकामं झालं आणि माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच सुरातली आहेत: नोकरी गेली, नोकरी जाणार, नोकरी लागेना. आणि बहुतेक सगळी कॉम्प्युटरवाल्यांची. २०२१-२२ मध्ये हीच पोरं तीन-तीन ऑफर लेटरं घेऊन ‘कुठली धरू?’ म्हणून विचारत होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं आणि बाकीच्यांनाही हात आखडता घ्यायला निमित्त मिळालं, असं माझं मत.

नव्या वाचकांसाठी सांगते. पुण्यात तेवीस वर्षं पेरोल खात्यात काढून मी सोलापूरला परत आले आहे. लोकांचे पगार काढणं आणि जाताना त्यांचा हिशेब चुकता करणं हेच माझं काम होतं. त्यामुळे इथे धीर कमी आणि आकडे जास्त मिळतील.

ताई, माझं वय ३२. हिंजवडीत एका कंपनीत ७ वर्षं ८ महिने होतो. दिवाळीआधी एचआरने बोलावलं, ‘राजीनामा द्या, नाहीतर आम्ही काढू’ म्हणाले. दिला. सीटीसी (कंपनी माझ्यावर वर्षाला धरते तो एकूण खर्च) १८ लाख, बेसिक म्हणजे मूळ पगार महिना ७०,०००, हातात १ लाख १६ हजार यायचे. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता ३२,००० आहे. फ्लॅट कुलूपबंद ठेवून सध्या आई-बाबांकडे आहे. अडीचशे ठिकाणी अर्ज केले, तीन फोन आले. एक ऑफर आहे, १२ लाखांची, आठवड्यातून तीन दिवस पुण्यात ऑफिस. बाबा म्हणतात घे. मित्र म्हणतात एकदा खाली आलास की वर चढता येत नाही. मधले महिने रेझ्युमेत ‘फ्रीलान्स’ म्हणून भरू का? – जुळे सोलापूर

तुम्ही ऑफर लेटरचं शेवटचं पान सोबत जोडलंत हे फार बरं केलंत. पहिल्या पानावर अभिनंदन असतं, पगार शेवटच्या पानावर असतो.

तुमच्या बाबांनी बारा लाख भागिले बारा, महिना एक लाख, असं मनात धरलं असणार. त्या पानावर बेसिक ६,००,०००. कंपनीचा पीएफचा वाटा ७२,०००. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, २८,८६०. विम्याचा हप्ता १९,१४०. या तिन्हींची बेरीज बरोबर १,२०,००० होते आणि यातला एक रुपयाही महिन्याला तुमच्या खात्यात येत नाही. वर ‘व्हेरिएबल’ १,८०,०००. ते कंपनीला आणि साहेबाला वाटलं तर. उरले ९ लाख, म्हणजे महिना ७५,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० जाणार. हातात ६८,८००. सध्याच्या नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही, त्यामुळे तिथे कात्री नाही. गड्ड्यावर माणसाला लांबडं-जाडं दाखवणारे आरसे असतात ना, सीटीसी तसला प्रकार आहे. उंची घरी येऊन भिंतीला टेकून मोजायची.

६८,८०० मधून हप्ता गेला की ३६,८०० उरतात. माझ्या मते नोकरी घ्या. पण ‘हो’ कळवण्याआधी तीन गोष्टी मागा. एकूण आकडा वाढवून मागू नका. अशा दिवसांत एचआरला तो आकडा वरून बांधून दिलेला असतो, तिथे डोकं आपटून उपयोग नाही. व्हेरिएबलमधले निदान ९०,००० फिक्स्डमध्ये टाका म्हणा. नाही म्हणाले तर गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिलं ते विचारा. उत्तराला जितका वेळ लागेल तितकं ते कमी असतं. दुसरं, नोटीस पीरियड ९० दिवसांचा लिहिलाय तो ३० करून मागा. बाजार सुधारला की हे ९० दिवस तुमच्या पायात बेडीसारखे पडतील. तिसरं, ग्रुप विम्यात आई-बाबांची नावं. एचआर फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणेल. तिला म्हणा, दोन ओळींचा मेल टाका.

मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे. पुढची कंपनी मागच्या पगाराची स्लिप मागते आणि त्यावर टक्के चढवते. पण घरी बसून दहावा महिना लागला की तीच कंपनी त्याहून जास्त घासाघीस करते. दोन्ही बाजूंच्या फाइली मी पाहिल्या आहेत.

आता तुमच्या पत्रात जे नाही त्याबद्दल. ग्रॅच्युइटी हा शब्द तुम्ही कुठेही लिहिलेला नाही. मिळाली का? राजीनामा दिला म्हणून ती बुडत नाही. पाच वर्षं सलग झाली की हक्काची, तुम्ही सोडलंत तेव्हा कायदा १९७२ चा होता. हिशेब असा: शेवटचा बेसिक, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमचे ७ वर्षं ८ महिने ही ८ वर्षं झाली. ७०,००० वर हे ३ लाख २३ हजार होतात आणि त्यावर कर नाही. देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज. म्हणजे तुमच्या हप्त्याचे दहा महिने कुणाच्या तरी टेबलावर पडून आहेत. आजच रीतसर अर्ज पाठवा. सोबत शिल्लक रजेचे पैसे, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हेही मागा.

मी यावर एवढं का घासते, तर माझे वडील इथल्या एका गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होते. घरात कागदांची पत्र्याची पेटी होती, तिच्यात नेमकी सुरुवातीच्या चार वर्षांची हजेरी कार्डं नव्हती. चार वर्षं धरलीच गेली नाहीत. आई पुढे कितीतरी दिवस ती पेटी रात्री उघडून पुन्हा पुन्हा बघायची.

‘फ्रीलान्स’ खरंच केलं असेल, बिल आणि बँकेतली नोंद असेल तर लिहा. नसेल तर नको. तुमच्या पीएफ खात्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दोन्ही दिसतात आणि पडताळणी करणारी माणसं पहिल्यांदा तेच उघडतात. ‘कंपनीने माणसं कमी केली, त्यात माझा प्रोजेक्ट गेला’ एवढं एक वाक्य पुरतं. आज ते ऐकून कुणी भुवया उंचावत नाही. उलट ज्याच्यामागे नोटीस नाही त्याची बाजारात एक किंमत आहे. निम्मे उमेदवार ‘तीन महिन्यांनी येतो’ म्हणतात आणि मॅनेजरला माणूस सोमवारी हवा असतो. रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत ‘तातडीने रुजू होऊ शकतो’ असं टाका, खाली शेवटच्या कामाची तारीख. आणि अर्ज अडीचशेचे तीनशे करण्यापेक्षा जुन्या सहकाऱ्यांची यादी काढून रोज दोघांना फोन लावा. मेसेज नको, फोन. अवघडल्यासारखं होतं, मला माहीत आहे.

फ्लॅटचं तेवढं मात्र पटलं नाही. हप्ता चालू आणि फ्लॅटला कुलूप? रुजू व्हायची तारीख ठरली नसती तर मी म्हटलं असतं, आधी भाडेकरू शोधा.

मॅडम नमस्कार. मी टॉवेलच्या कारखान्यात कामाला हाय. पोरगं कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन दीड वर्ष झालं, घरीच हाय. पुण्याचा एक माणूस म्हणतोय दीड लाख भरा, मोठ्या कंपनीत मागच्या दारानं घालतो. ओरिजिनल मार्कशीट पण मागतोय. मिसेसचं गंठण मोडावं का? – अक्कलकोट रोड (भाषा तुमचीच ठेवली आहे.)

गंठण मोडू नका.

मोठ्या कंपनीला मागचं दार नसतं. या माणसाकडे काय असतं ते सांगते. आधी पोराच्या नावाने दुसराच कुणीतरी मुलाखत देतो, किंवा मुलाखतीचं नाटक होतं. मग कंपनीच्या नावासारखं दिसणाऱ्या पत्त्यावरून ऑफर लेटर येतं. कधीकधी भाड्याच्या हॉलमध्ये ‘ट्रेनिंग’ होतं आणि दोन महिने पगारही येतो, तो तुमच्याच दीड लाखातला. मग माणसाचा फोन बंद. त्याहून वाईट म्हणजे खोट्या अनुभवाचं पत्र लावून पोरगा खरंच कुठे लागला, तर पडताळणीत सापडतो आणि त्या कंपनीचं दार त्याला कायमचं बंद होतं. ओरिजिनल मार्कशीट तर ओलीस ठेवायलाच मागतात. कुठल्याही कारणाने कुणाच्याही हातात द्यायची नाही. दाखवायची आणि परत पिशवीत टाकायची. त्याला आधीच काही पैसे पाठवले असतील तर हा अंक बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता पोराचं. दीड वर्ष घरी बसून तो ‘तयारी’ करतोय असं सांगत असेल. तुमच्या कारखान्यात कुठल्या मागावर किती नग निघाले, किती दुय्यम निघाले, हे अजून वहीत लिहितात की नाही? मालकाला विचारून त्याने त्या वहीचा छोटा प्रोग्रॅम करावा. आठ दिवस मागाजवळ उभं राहून बघावं, कारण वहीत ‘३४ डझन, ४ डाग’ असं लिहिणाऱ्याच्या मनात काय असतं ते पुस्तकात सापडत नाही. फुकट झालं तरी चालेल. मुलाखतीत ‘प्रोजेक्ट काय केला?’ म्हणून विचारतात तेव्हा शंभरातली नव्वद पोरं लायब्ररी मॅनेजमेंट सांगतात. मी समोर बसून ऐकलंय, झोप येते. याने मागाची वही सांगितली तर समोरचा पुढे सरकून बसेल. शिवाय केंद्र सरकारची ‘नॅट्स’ ही अप्रेंटिसशिपची योजना आहे, त्यात पदवीधरांना वर्षभर कंपनीत काम आणि स्टायपेंड मिळतो. त्यात नाव नोंदवायला एक पैसा लागत नाही. इथल्या पतसंस्था, साखर कारखाने, एक्स्पोर्टवाले यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या लहान कंपन्या सोलापुरात आहेत. पगार ऐकून तो नाक मुरडेल. मुरडू दे, पण जाऊ दे.

पुढचं पत्र त्याने स्वतः लिहावं, वडिलांच्या हातून नको.

मावशी, मला चौथा महिना लागलाय, तारीख १४ जुलै दिली आहे. सध्याची कंपनी दोन महिन्यांपासून पगार उशिरा करतेय. दुसरीकडे ऑफर मिळाली, २० टक्के जास्त. नोटीस ३० दिवसांची. सांगू की नको? आणि रजा मिळेल का? – विजापूर रोड

आधी अभिनंदन, आणि कॅलेंडर घेऊन बस.

प्रसूती रजा २६ आठवडे, पहिल्या दोन मुलांपर्यंत, हे तुला ठाऊक असेल. पण त्यासाठी एक अट आहे: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलं हवं. जुन्या कंपनीतले दिवस नवीकडे चालत नाहीत. पाच दिवसांचा आठवडा धरून मी मोजलं. सोमवारी २ मार्चला रुजू झालीस आणि एकही रजा घेतली नाहीस तर १९ जूनला ८० पूर्ण होतात. कॅलेंडरवरच्या कायदेशीर पगारी सुट्ट्या त्यात धरल्या जातात. हातात साडेतीन आठवडे राखीव राहतात, अधूनमधून डॉक्टरकडे जायला तेवढे हवेतच. पण हीच तारीख ‘जरा एक एप्रिल करू या’ म्हणून त्यांनी पुढे ढकलली, तर १४ जुलैच्या आदल्या दिवसापर्यंत ७४ दिवस भरतात. सहा दिवसांसाठी २६ आठवड्यांचा पगार जाईल. म्हणजे तुझ्यासाठी २० टक्क्यांपेक्षा रुजू व्हायची तारीख महाग आहे.

जुनी कंपनी पगार वेळेवर करत असती तर मी तुला जागची हलू दिलं नसतं, कारण तिथे तुझा हक्क आजच पक्का आहे. पण दोन महिने पगार लांबवणारी कंपनी सहा महिने घरी बसून पगार देईल, यावर माझा विश्वास नाही. जा. राजीनामा मात्र ऑफर लेटर हातात आल्यावरच, आणि तेही याच आठवड्यात, म्हणजे नोटीस भरून २ मार्च गाठता येईल.

सांगायचं का? मुलाखतीत सांगायची सक्ती नाही. माझ्या मते ऑफर लेखी आली, तू लेखी स्वीकारलीस, की मग मॅनेजरला सांग, रुजू व्हायच्या आधी. आधी सांगितलंस तर ‘सध्या पोझिशन होल्डवर आहे’ असं ऐकायला मिळू शकतं. हे मी हवेत बोलत नाही. एकदा अशा बैठकीत मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. मुलगी चांगली होती, फाइल बंद झाली, मी काही बोलले नाही. पगार काढणाऱ्या बाईचा तिथे काय अधिकार, असं तेव्हा मनाला समजावलं होतं.

ग्रुप विम्यात प्रसूतीचा खर्च पहिल्या दिवसापासून आहे की नऊ महिन्यांची अट आहे, तेही लेखी विचार. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. ती मात्र आत्ताच विचारू नकोस, सगळं एकदम नको.

मी दोन महिने बेंचवर आहे, म्हणजे पगार चालू पण हाताला प्रोजेक्ट नाही. रोज मेल उघडायची भीती वाटते. बाबांना दोन स्टेंट आहेत, विमा कंपनीचाच. काय करून ठेवू? – बार्शी

आज रात्री करायची कामं: सगळ्या पगार स्लिपा, फॉर्म १६, नेमणुकीचं पत्र, अप्रेझलची पत्रं स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीच्या कामाची एकही फाइल मात्र घेऊ नका, तेवढ्यावरून हिशेब अडकवतात. पीएफचं पासबुक उतरवा, त्यात ई-नॉमिनेशन केलंय का बघा. ज्या दिवशी बोलावणं येतं त्या दिवशी लॅपटॉप दुपारपर्यंत बंद झालेला असतो, मग स्वतःचीच स्लिप मिळवायला महिनाभर मेल टाकत बसावं लागतं.

बाबांचा विमा हा मोठा प्रश्न आहे. ग्रुप विमा साधारण शेवटच्या दिवशीच संपतो. स्वतंत्र पॉलिसी आत्ताच, पगार चालू असताना घ्या. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं, तो काळ नोकरी असताना सरकत राहिलेला बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, आधी तो १८ टक्के होता. स्टेंट लपवू नका. लपवलेला आजार ऐन दाव्याच्या वेळी वर येतो. ग्रुप विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हेही नोकरी सुटायच्या आधी विचारा.

पीएफ काढायचा विचार असेल तर थांबा. तो पुढच्या नोकरीत वर्ग करता येतो.

दोन वर्षांचा बाँड, मोडल्यास १ लाख. सही करू का? कोर्टात टिकत नाही म्हणतात. – पंढरपूर

‘टिकत नाही’ म्हणणाऱ्यांनी अलीकडे वाचलेलं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख ही अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता, हे खरं. तुमच्या बाबतीत कंपनी खरंच शिकवणार आहे का आणि दर महिन्याला रक्कम कमी होत जाते का, हे विचारा. कोरा धनादेश मागितला तर उठून या.

कंपनी म्हणते सोलापुरातून कायम घरून काम करा, पण पगार १५ टक्के कमी. हातात ७०,००० येतात, ९ वर्षं झाली. पुण्यात खोली आणि मेस मिळून १८,००० जातात. – सात रस्ता

साधा हिशेब तुमच्या बाजूचा आहे. १०,५०० जाणार, १८,००० वाचणार, आणि दर शुक्रवारी स्वारगेटला एसटीमागे पळणं बंद. घ्या. फक्त कपात कशातून करणार ते बघा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, म्हणजे बेसिक आज १५ टक्क्यांनी उतरला तर मागच्या नऊही वर्षांची ग्रॅच्युइटी १५ टक्क्यांनी उतरते. कपात स्पेशल अलाउन्समधून करा म्हणून सांगा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरतात, त्यामुळे भत्ते कमी झाले म्हणून कायद्याची अडचण येत नाही. एचआर ‘अडचण येते’ म्हणून सांगेल, ऐकू नका.

आणि इन्व्हर्टर घ्या. पाणी सुटायच्या दिवशी सकाळची मीटिंग ठेवू नका. मोटारीचा आवाज पुण्यातल्या साहेबाला कळत नाही, तो विचारतो विमानतळावर आहात का.